कुलूप पक्के, पण आत कोण आहे?

केंदूर हे वेळ नदीच्या खोऱ्यातले, पाबळजवळचे गाव. वारकऱ्यांना ते संत कान्होराज महाराजांचे गाव म्हणून ठाऊक आहे. गावठाण एकीकडे आणि वाड्या-वस्त्या लांबवर विखुरलेल्या, अशी शिरूर तालुक्याच्या या पट्ट्यातली नेहमीची मांडणी. अशा भागात आशाताईंना एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर जायला तास लागतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप क्षणात पोहोचतो. त्यामुळे केंदूरचे प्राथमिक आरोग्य केंद्र असो की राज्यातले दुसरे कोणतेही, ग्रामीण आरोग्यसेवेचे निम्मे कामकाज आता मोबाइलमध्ये चालते. उपकेंद्राचा ग्रुप, आशांचा ग्रुप, लसीकरणाचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप आणि महिन्यातून अनेकदा होणारी ‘व्हीसी’.

या ग्रुपांत फक्त आरोग्य कर्मचारी असतात असे नाही. शिबिरासाठी ग्रामपंचायतीचे कोणीतरी जोडलेले असते. रुग्णवाहिकेचे चालक असतात, औषध पुरवठादाराचा माणूस असतो, एखाद्या स्वयंसेवी संस्थेची कार्यकर्ती असते, सहा महिने प्रशिक्षणाला आलेला विद्यार्थी असतो. प्रत्येकाला जोडण्यामागे त्या दिवशी रास्त कारण होते. समजा, लसीकरणाच्या शिबिरासाठी मंडपवाल्याचा नंबर ग्रुपमध्ये टाकला. शिबिर पार पडले, मंडप उतरला, पण नंबर तसाच राहिला. पाच महिन्यांनी त्याच ग्रुपवर जोखमीच्या गरोदर मातांची यादी येते: नाव, वस्ती, नवऱ्याचे नाव, मोबाइल, हिमोग्लोबिन, आधीच्या गर्भपातांची संख्या. ही यादी मंडपवाल्याच्या फोनमध्येही उतरते, त्याने मागितलेली नसताना. कदाचित तो ती उघडणारही नाही. पण त्याच्या फोनच्या गॅलरीत, त्याच्या मुलांच्या फोटोंशेजारी, गावातल्या बारा बायकांची सगळ्यांत खासगी माहिती पडून राहते.

यात कोणी हॅकिंग केलेले नाही, पासवर्डही फुटलेला नाही. ऑनलाइन कामकाजातून माहिती फुटण्याची फार मोठी वाट हीच आहे: ज्याला आपणच आत घेतले आणि बाहेर सोडायला विसरलो, असा पाहुणा.

कुलूप नेमके कशाला असते?

‘व्हॉट्सअ‍ॅप एन्क्रिप्टेड आहे, काळजी नको,’ असे वाक्य कार्यालयांत सर्रास ऐकू येते. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सअ‍ॅपवरचे सर्व संदेश पाठवणाऱ्याच्या फोनपासून घेणाऱ्याच्या फोनपर्यंत कुलूपबंद जातात, हे खरे आहे. वाटेत कंपनीलाही ते वाचता येत नाहीत. मोबाइल कंपनीचा टॉवर, वायफायचा मालक, मधला सर्व्हर, सगळ्यांना दिसते ती निरर्थक अक्षरांची भेळ.

पण हे कुलूप वाटेला असते, दोन टोकांना नसते. ग्रुपमध्ये साठ जण असतील तर साठ टोके झाली, आणि प्रत्येक टोकावर संदेश उघडा होतो. तिथून पुढे गणितच बदलते. संदेशातला फोटो फोनच्या गॅलरीत आपोआप साठवला जातो. चॅटचा बॅकअप क्लाउडवर जातो आणि त्या बॅकअपला तसेच कुलूप हवे असेल तर ती सोय सेटिंगमध्ये जाऊन मुद्दाम सुरू करावी लागते. बहुतेकांनी ती केलेली नसते. एका खात्याला आणखी चार उपकरणे जोडता येतात. कार्यालयातल्या सामायिक संगणकावर एकदा कोड स्कॅन करून व्हॉट्सअ‍ॅप उघडले आणि बंद करायला विसरले, की त्या खुर्चीवर बसणारा प्रत्येक जण त्या ग्रुपचा न दिसणारा सदस्य होतो. सदस्यांच्या यादीत त्याचे नाव येत नाही.

कुलूप शाबूत राहूनही काय होऊ शकते, याचा जगाने पाहिलेला सर्वांत ठळक नमुना मार्च २०२५ चा. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार माइक वॉल्ट्झ यांनी येमेनमधील हौथींवरच्या हल्ल्यांच्या समन्वयासाठी सिग्नल या अ‍ॅपवर ग्रुप केला. सिग्नलचे एन्क्रिप्शन जगात अव्वल मानले जाते. व्हॉट्सअ‍ॅपचे कुलूपही त्याच पद्धतीवर बेतलेले आहे. त्या ग्रुपमध्ये उपराष्ट्राध्यक्ष होते, संरक्षणमंत्री होते आणि ‘द अटलांटिक’ मासिकाचे संपादक जेफ्री गोल्डबर्गही होते. त्यांना कोणी बोलावले नव्हते, ते चुकून जोडले गेले होते. १५ मार्चला हल्ले झाले. त्याच्या थोडे आधी विमाने कधी उडणार याचा तपशील त्या पत्रकाराच्या फोनवर आला होता. २४ मार्चला त्यांनीच लेख लिहून हे जाहीर केले, तोवर ग्रुपमधल्या कोणाच्याही ते लक्षात आले नव्हते. नंतरच्या बातम्यांनुसार कारण अगदी घरगुती निघाले: दुसऱ्याच एका अधिकाऱ्याच्या नावापुढे या पत्रकाराचा नंबर फोनमध्ये सेव्ह झाला होता.

‘आशा पाबळ’, ‘आशा पाबळ नवीन’ आणि ‘आशा पाबळ २’ असे तीन नंबर ज्यांच्या फोनमध्ये आहेत, त्यांनी या प्रकाराला हसण्याआधी आपली यादी एकदा पाहावी.

निघून गेलेल्या डॉक्टरांचे निमंत्रण

आरोग्यक्षेत्राच्या अधिक जवळची घटना कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातली आहे. तिथल्या एका रुग्णालयात यकृतविकार विभागाचे डॉक्टर ठरावीक वारी ऑनलाइन बैठक घेऊन रुग्णांची चर्चा करत. सप्टेंबर २०२४ मधल्या अशाच एका बैठकीत एक अनाहूत सदस्य येऊन बसला. तो माणूस नव्हता. बैठकीचे ध्वनिमुद्रण करून इतिवृत्त लिहून देणारे एआय सहायक होते. ते आले होते एका डॉक्टरांच्या वतीने, आणि हे डॉक्टर वर्षभरापूर्वीच रुग्णालय सोडून गेले होते.

घडले असे: बैठकीचे निमंत्रण त्यांच्या खासगी ईमेलवर होते आणि दर आठवड्याला आपोआप पुढे सरकत होते. त्यांनी नंतर हे एआय साधन आपल्या फोनवर घेतले, त्याने त्यांचे कॅलेंडर वाचले आणि त्यात दिसलेल्या बैठकीला ते इमानदारीने हजर राहिले. सात रुग्णांची चर्चा त्याने टिपली, आणि चर्चेचा गोषवारा व पूर्ण उताऱ्याचा दुवा निमंत्रितांच्या यादीतल्या ६५ जणांना पाठवून दिला. त्यांतले बारा जण रुग्णालयाच्या सेवेत उरलेलेच नव्हते.

यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता. त्या डॉक्टरांना बैठकीत डोकवायचे नव्हते. रुग्णालयाने एक साधी गोष्ट केली नव्हती: माणूस गेला तेव्हा त्याचे निमंत्रण मागे घेतले नव्हते. आपल्याकडे ‘दर सोमवारी अकरा वाजता, लिंक तीच’ असा निरोप असतो, तो याच जातीचा. कायमची लिंक सोयीची असते, कारण ती सगळ्यांकडे असते. आणि ‘सगळ्यांत’ बदली होऊन गेलेले, कंत्राट संपलेले, दुसऱ्या तालुक्यात रुजू झालेले सगळे येतात.

एआय टिपणकाराबद्दल आणखी एक. बैठकीच्या यादीत ‘अमुकचा नोटटेकर’ असे नाव दिसले तर तो बाहेरचा पाहुणाच समजावा. आवाज आणि मजकूर तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर जातो. विभागाच्या जमाखर्चाच्या बैठकीत ते चालेलही. रुग्णाचे नाव निघणार असेल त्या बैठकीत त्याला आधी बाहेर काढावे आणि मग बोलायला सुरुवात करावी.

‘रेडमी नोट’ कोण आहे?

ऑनलाइन बैठकांचे दार उघडे राहिले की काय होते, हे २०२० च्या टाळेबंदीत सगळ्यांनी पाहिले. शाळांच्या वर्गांत अनोळखी लोक घुसून अश्लील चित्रे दाखवू लागले. १६ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने झूम सुरक्षित नसल्याचे सांगत, वापरायचेच असेल तर काय काळजी घ्यावी याची सूचनावली काढली. त्याच महिन्यात झूमने प्रतीक्षाकक्ष आणि पासकोड आपणहून सुरू ठेवायला सुरुवात केली. नोव्हेंबर २०२० मध्ये डॅनिएल फेरलान हा डच पत्रकार थेट युरोपीय संघाच्या संरक्षणमंत्र्यांच्या गोपनीय बैठकीत शिरला. नेदरलँड्सच्या संरक्षणमंत्र्यांनी ट्विटरवर टाकलेल्या फोटोत बैठकीच्या पिनचे सहापैकी पाच आकडे दिसत होते. उरलेला एक शोधायला किती प्रयत्न लागतात, हे दहावीचा विद्यार्थीही सांगेल.

सवय झाली म्हणून धोका संपला, असे नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या ऑनलाइन सुनावणीत काही जणांनी घुसून अश्लील चित्रफिती लावल्या. तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांना व्हिडिओ सुनावण्या आणि थेट प्रक्षेपण काही काळ थांबवावे लागले. उच्च न्यायालयाला तांत्रिक कर्मचारी असतात. तालुक्याच्या व्हीसीला एकच अधिकारी असतो. तोच बोलतो, तोच स्क्रीन दाखवतो आणि तोच दार उघडतो.

खरी अडचण इथेच आहे. प्रतीक्षाकक्ष सुरू असतो, पण त्यात जी नावे दिसतात ती अशी: ‘रेडमी नोट ९’, ‘गॅलेक्सी’, ‘आयफोन’, ‘मम्मी’, ‘साई’. बैठक सुरू झालेली असते, तीस जण ताटकळत असतात, आणि ‘सगळ्यांना आत घ्या’ असे एक बटण समोर असते. ते दाबले की प्रतीक्षाकक्ष असून नसल्यासारखा. यावर उपाय तंत्रज्ञानाचा नाही, शिस्तीचा आहे आणि तो फुकट आहे. लिंकसोबतच लिहायचे: आपले नाव, गाव आणि पद असे नाव ठेवूनच यावे, नाहीतर आत घेतले जाणार नाही, आणि पहिल्या बैठकीला खरोखरच घ्यायचे नाही. दुसऱ्या बैठकीपासून नावे आपोआप सुधारतात. दार सांभाळायला बोलणाऱ्याखेरीज दुसरा एक माणूस सह-यजमान म्हणून नेमायचा. स्क्रीन दाखवण्याची परवानगी फक्त यजमानाकडे ठेवायची. सगळे आले की बैठकीला कुलूप लावायचे. ती सोय झूमसारख्या सेवांत असते आणि ती क्वचितच वापरली जाते. बाहेरचे तज्ज्ञ एका विषयापुरते आले असतील तर तो विषय आधी घ्यायचा, त्यांचे आभार मानायचे, त्यांना निरोप द्यायचा आणि त्यानंतर रुग्णांच्या याद्या उघडायच्या. प्रत्यक्ष सभेत आपण हेच करतो. पाहुण्यांचे भाषण झाले की चहा देऊन गाडीपर्यंत सोडतो आणि मग घरातल्या गोष्टी बोलतो.

पडद्याबाहेर बसलेला पाहुणा

दूरवैद्यकीय सल्ल्यात हा प्रश्न अधिक नाजूक होतो. केंद्र सरकारची ‘ई-संजीवनी’ ही सेवा सी-डॅकच्या मोहाली केंद्राने तयार केली. उपकेंद्रावरचे समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवतात आणि दूरच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर जोडून देतात, हा तिचा एक प्रकार. घरबसल्या रुग्णाने थेट डॉक्टरांना गाठायचे, हा एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेला दुसरा. या दुसऱ्या प्रकारात मोबाइलवरच्या ओटीपीने नोंदणी होते, टोकन मिळते, रांग लागते आणि आपला क्रमांक आला की डॉक्टर दिसतात. म्हणजे दार, दारवान आणि रांग या तिन्ही गोष्टी यंत्रणेतच आहेत. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांना जखम दाखवली, तर यातले काही नसते. तेही बेकायदा नाही. २५ मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक सूचनांनी अशा साधनांवरून सल्ला द्यायला मुभा दिलेली आहे. मात्र त्याच सूचना सांगतात की रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही समोरचा कोण हे नक्की कळले पाहिजे. निनावी सल्लामसलत चालणार नाही. रुग्णाने स्वतः संपर्क साधला तर संमती गृहीत असते. आरोग्य कर्मचाऱ्याने किंवा डॉक्टरांनी पुढाकार घेतला तर ती स्पष्टपणे घ्यावी लागते.

याच सूचनांत एक कलम असेही आहे की तांत्रिक बिघाडामुळे किंवा डॉक्टरांखेरीज दुसऱ्या कोणामुळे रुग्णाची गोपनीयता भंगल्याचा वाजवी पुरावा असेल, तर डॉक्टरांना जबाबदार धरले जाणार नाही. डॉक्टरांच्या बाजूने ते न्याय्यच आहे. रुग्णाच्या बाजूने पाहिले तर मात्र प्रश्न उरतो, की मग जबाबदार कोण?

आणि जो पाहुणा कोणत्याच यादीत दिसत नाही, तो खोलीतच बसलेला असतो. उपकेंद्राच्या खोलीत टेबलावर टॅब आहे, आवाज स्पीकरवर आहे, बाकावर पुढचे चार रुग्ण बसले आहेत. पडद्यावरच्या डॉक्टर विचारतात, ‘पाळी कधी आली होती? अंगावरून पांढरे जाते का? आधी कधी गर्भपात झाला आहे?’ रुग्णाशेजारी सासूबाई आहेत. बाई ‘नाही’ म्हणते. डॉक्टर त्या ‘नाही’वर औषध लिहून देतात. इथे गोपनीयता नसल्याची किंमत निदानात मोजली जाते. रुग्ण खोटे बोलला असे म्हणायला सोपे आहे, पण त्याला खरे बोलायला जागा कोणी दिली होती? साधे तारेचे इअरफोन, अर्ध्या खोलीला पडदा आणि डॉक्टरांचा पहिला प्रश्न ‘तुमच्यासोबत खोलीत कोण आहे?’ एवढ्याने यातले बरेच सुधारते. याला सायबर सुरक्षा म्हणायचे की रुग्णसेवा, हा वाद इथे निरर्थक ठरतो.

डीपी म्हणजे ओळखपत्र नव्हे

आत बसलेला विसरलेला पाहुणा हा एक प्रकार. दुसरा प्रकार वेश पालटून येतो. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या एका संचालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश आले. पाठवणारा स्वतःला अदर पूनावाला म्हणवत होता आणि काही खात्यांत तातडीने पैसे भरायला सांगत होता. कंपनीने एक कोटी रुपयांहून अधिक रक्कम भरली. पूनावाला यांनी असा संदेश पाठवलेलाच नव्हता, हे नंतर उघड झाले. जगाला लशी पुरवणाऱ्या कंपनीचे हे, तर बाकीच्यांचे काय?

तेव्हा नुसत्या संदेशावर भागले होते. जानेवारी २०२४ मध्ये अरुप या ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग कार्यालयातल्या कर्मचाऱ्याला संदेशाची शंका आली म्हणून त्याची व्हिडिओ बैठकीने खात्री पटवण्यात आली. बैठकीत कंपनीचे वित्तप्रमुख होते, आणखी सहकारीही होते. चेहरे ओळखीचे, आवाज ओळखीचे. ते सगळे संगणकाने बनवलेले होते. २० कोटी हाँगकाँग डॉलर गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की रशियाशी जोडलेली एक टोळी टीम्सवरून बाहेरच्या खात्यातून ‘तांत्रिक मदत कक्ष’ असल्याचे भासवत कर्मचाऱ्यांना संदेश पाठवत होती आणि लॉगिनचा कोड मंजूर करून घेत होती. टीम्समध्ये बाहेरच्या माणसाच्या नावापुढे तो बाहेरचा असल्याची खूण दिसते. ती पाहायची असते, हे मात्र कोणीतरी शिकवावे लागते.

रांजणगाव, सणसवाडी, चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना हे परके वाटणार नाही. तिथे प्रत्येक शिफ्टचा ग्रुप असतो आणि त्यात ठेकेदार, वाहतूकदार, सुट्या भागांचे पुरवठादार असतात. ‘आमचे बँक खाते बदलले आहे, पुढचे बिल या खात्यावर टाका’ असा संदेश तिथे सहज खपून जातो. आरोग्य केंद्रात त्याचे रूप वेगळे असते: ‘वरिष्ठ कार्यालयातून बोलतोय, लाभार्थ्यांची यादी ताबडतोब पाठवा, मंत्रालयात मीटिंग आहे.’ डीपीवर अधिकाऱ्यांचा फोटो असतो. सरकारी यंत्रणेत ‘ताबडतोब’ या शब्दाला कोणी प्रतिप्रश्न करत नाही, हे फसवणाऱ्याला पक्के माहीत आहे. अशा वेळी आलेल्या नंबरवर उलट फोन करून उपयोग नाही. आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर, किंवा कार्यालयाच्या लँडलाइनवर, विचारायचे. खऱ्या साहेबांना त्याचा राग आला, तर तो सोसायचा.

कायदा रुग्णाच्या बाजूने आहे

काही माहितीबाबत ‘चुकून ग्रुपवर गेली’ हे उत्तर पुरत नाही. गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीचे नाव व तपशील कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कोणालाही उघड करता येत नाहीत. २०२१ च्या दुरुस्तीने वैद्यकीय गर्भपात कायद्यात आलेल्या ५-अ कलमानुसार ते डॉक्टरांनी उघड केले तर एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. एचआयव्हीबाधित व्यक्तीची स्थिती तिच्या संमतीशिवाय उघड करण्यास २०१७ चा कायदा मनाई करतो. त्यात भर पडली आहे ती २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती सांभाळण्याची वाजवी व्यवस्था न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा आकडा मोठ्या कंपन्यांसाठी आहे असे समजून उपकेंद्राने निर्धास्त राहायचे कारण नाही, आणि आशाताईंनी धास्तावून काम थांबवायचेही कारण नाही. आशाताईंना ग्रुपवर यादी टाकायला सांगतो कोण, हे आधी पाहिले पाहिजे.

व्हॉट्सअ‍ॅपवर सरसकट बंदी घाला, हा सल्ला दर काही महिन्यांनी कुठून तरी येतो. तो मनावर घेण्यासारखा नाही. सरकारी अ‍ॅप उघडत नाही, रेंज एका दांडीवर आहे आणि बाळंतीण गाडीत आहे, अशा वेळी जे चालते तेच वापरले जाणार. त्यापेक्षा ग्रुपांची रचना बदलणे सोपे. निरोपांचा ग्रुप वेगळा; त्यात हवे तर सरपंचही असू देत. रुग्णांविषयी बोलण्याचा ग्रुप वेगळा आणि लहान. त्यात फक्त ज्यांच्यावर त्या रुग्णाची जबाबदारी आहे तेच. त्यातही नाव लिहायचे नाही, नोंदवहीतला क्रमांक लिहायचा. समोरच्याकडे नोंदवही आहेच. रजिस्टरच्या पानाचा फोटो पाठवायचा असेल तर नावांच्या रकान्यावर कोरा कागद ठेवून काढायचा. शिबिरासाठी बाहेरची माणसे हवी असतील तर शिबिराच्या नावाचा ग्रुप करायचा आणि शिबिराच्या दुसऱ्या दिवशी तो बंद करायचा.

सेटिंगमधल्या मोजक्याच गोष्टी खऱ्या कामाच्या. नवीन सदस्याला अ‍ॅडमिनची मंजुरी लागेल अशी सोय सुरू करावी. ग्रुपची लिंक कोणत्याही सार्वजनिक पानावर टाकू नये. फेब्रुवारी २०२० मध्ये अशा असंख्य लिंक गुगलवर शोधून सापडत होत्या आणि त्यावरून कोणालाही ग्रुपमध्ये शिरता येत होते. लिंक बाहेर गेली असेल तर ती रद्द करून नवी करता येते. फोटो आपोआप गॅलरीत जाणे बंद करावे. संदेश सात किंवा नव्वद दिवसांनी आपोआप पुसण्याची सोय चांगली आहे, पण तिचा वापर विचार करून करावा. रुग्णाविषयीचा एखादा निर्णय फक्त चॅटमध्येच नोंदलेला असेल तर तो पुसला गेल्यावर रुग्णाचेच नुकसान. निर्णय आधी नोंदवहीत किंवा अधिकृत पोर्टलवर, मग चॅट पुसायला हरकत नाही.

सरकारी नोकरीत यासाठी एक तयार जागा आहे, ती म्हणजे ‘चार्ज’. बदली झाली की जाणारा कर्मचारी येणाऱ्याला चार्ज देतो. कपाटाच्या किल्ल्या, औषधांचा साठा, लशींचा शीतपेटीतला हिशेब, खुर्च्या, पंखे, वजनकाटा, सगळे कागदावर येते आणि दोघांच्या सह्या होतात. त्या यादीत पंख्याची नोंद असते, पण जाणाऱ्याच्या फोनमध्ये राहिलेल्या सात ग्रुपांची, त्याच्या नावावरच्या व्हीसीच्या लिंकची आणि कार्यालयाच्या संगणकावर उघड्या असलेल्या त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपची नोंद नसते. चार्जच्या कागदावर तीन ओळी वाढवायला कोणत्याही मंत्रालयाचा शासन निर्णय लागत नाही. ऑन्टारिओच्या रुग्णालयाला तेवढ्याच तीन ओळी कमी पडल्या होत्या. मासिक सभेत पाच मिनिटे काढून ग्रुपची सदस्ययादी मोठ्याने वाचली, तरी ‘हा कोण?’ असा प्रश्न दोन-तीनदा नक्की निघेल.

एवढे करूनही कधी तरी चुकीच्या ग्रुपवर यादी जाईलच. तेव्हा वेळ महत्त्वाचा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला संदेश सर्वांच्या फोनमधून काढण्याची मुदत सुमारे अडीच दिवस असते, आणि अ‍ॅडमिनला दुसऱ्याने टाकलेला संदेशही काढता येतो. पण गॅलरीत उतरलेला फोटो त्याने जाईलच याची खात्री नाही. म्हणून सदस्यांना स्पष्ट सांगून तो पुसायला लावावा. वैद्यकीय अधिकाऱ्यांना त्याच दिवशी लेखी कळवावे. सरकारी कार्यालये आणि संस्थांनी माहितीच्या गळतीसारख्या घटना सहा तासांत सर्ट-इन या केंद्रीय संस्थेला कळवाव्यात, असा एप्रिल २०२२ मध्ये काढलेला नियम आहे. पैशांची फसवणूक असेल तर १९३० हा क्रमांक लगेच फिरवावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकायच्या आत गोठवले गेले तरच परत मिळण्याची आशा असते. आणि ज्या बाईचे नाव त्या यादीत होते, तिला तिच्या घरी जाऊन, एकटीला गाठून, काय गेले आणि कोणाकोणाकडे गेले हे सांगावे. ती त्या ग्रुपमध्ये नसते, त्यामुळे तिला ते दुसऱ्या कोणाकडून तरी, बहुधा गिरणीच्या रांगेत, कळायची वाट पाहू नये.